सेवा, फोटोपुरती

दिवाळी आली की आई-बाबांना पोरांवर सेवेचे संस्कार करायची घाई सुटते. वसुबारस ते भाऊबीज मुलांच्या आश्रमात फराळाचे इतके डबे येऊन पडतात की चकल्या सादळतात. डिसेंबरात मात्र तूरडाळ नि अंगाचा साबण विकत आणावा लागतो. अहो, आधी फोन करून विचारा ना, काय हवंय! आणि ते कपड्यांचं गाठोडं? चेन तुटलेली, कॉलर विटलेली, मापाचा पत्ता नाही. निवडत बसतात तिथल्याच ताई. पोरांना बसवा की घरी: कपडे धुवायचे, तुटलेली बटणं लावायची, घडी घालून 'वय ८, मुलगा' अशी चिठ्ठी टाचायची. पण नाही! पोराच्या हातात पुडा द्यायचा, तोही फोटोपुरता. समोरच्या मुलाला विचारलंत का, फोटो काढू का म्हणून?