पारोळ्याचं परळ केलं, वर म्हणे तुमचाच डेटा डर्टी

पारोळ्याचं परळ झालंय. मुंबईतलं परळ. अमळनेरचं अमळनर, साक्रीचं सकर, शिरपूरचं शरपर, आणि नंदुरबारचं नदरबर. एका सहकारी संस्थेच्या कापूस नोंदणीची यादी परवा माझ्याकडे आली. बँकेच्या यादीशी ताळा करून द्यायचा होता. कसला ताळा होतोय, कपाळ! पाटील तेवढे सगळे पटल. सोनवणे सनवण, काशिनाथचा कशनथ. माळी आडनावाच्या माणसांपुढे ‘मळ’ लिहिलंय. मळ! शेंगा सोलाव्या तशी अख्ख्या खान्देशाची नावं सोलून ठेवलीत. ना काना, ना मात्रा, ना वेलांटी, ना अनुस्वार.

सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीत फोन लावला. कंपनीचं नाव घेत नाही, घ्यायची इच्छाही नाही. तिथला मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, ‘सर, आम्ही डेटा क्लीन केलाय. स्पेशल कॅरेक्टर्स काढून टाकलेत.’ पाटीलमधला काना स्पेशल कॅरेक्टर? मी म्हटलं, अरे बाबा, ती नावं आहेत माणसांची. तर म्हणतो, ‘पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीचं आहे सर, त्यात चूक कशी असेल?’ पायथन म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे तिच्यासोबत तयार मिळणारा कोड. आणि संध्याकाळी मेल. सोर्स डेटा डर्टी असल्यामुळे मॅचिंग कमी होत आहे, कृपया संस्थेने स्वच्छ डेटा पुरवावा.

डर्टी. हा शब्द काही केल्या डोक्यातून जात नाही. ती यादी संस्थेतल्या क्लार्क ताईंनी सातबारा समोर ठेवून, एकेक नाव वाचून भरलेली होती. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा नीट. असली नीट मराठी यादी मी सरकारी कागदावर क्वचित बघितली आहे. ती यांच्या हाती गेली तेव्हा चोख होती. यांनी तिची वाट लावली आणि उलट तिलाच घाण म्हणाले. ज्या बाईने मान मोडून काम केलं तिला वरून पत्र, की तुमचं काम स्वच्छ नाही. बरं, फाईल मूळ फाईलवरच लिहून टाकलेली, जुनी प्रत ठेवायची अक्कल नाही. आता ‘पटल’ म्हणजे पाटील की पटेल हे जगातला कुठलाही प्रोग्रॅम सांगू शकत नाही, कारण दोघांचंही मात्रा काढून पटलच होतं, आणि खान्देशात दोघंही आहेत. सगळं पुन्हा टाईप करावं लागतंय. त्या टायपिंगचं बिल कंपनीच्याच नावाने काढा, असं मी संस्थेला लेखी दिलंय.

कोड मागवून घेतला. तीच ओळ, आपण सगळ्यांनी शंभर ठिकाणी पाहिलेली. चौकटी कंस, टोपी, बॅकस्लॅश डब्ल्यू, बॅकस्लॅश एस, आणि यात न बसणारं जे काही असेल ते रिकाम्या स्ट्रिंगने बदला. पायथनच्या आरई या मजकुरात शोधाशोध करणाऱ्या मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे इजअलनम, म्हणजे ‘अक्षर किंवा आकडा आहे का’ हे तपासणारं फंक्शन, ज्याला हो म्हणेल ते, आणि अंडरस्कोअर. काना-मात्रांना इजअलनम नाही म्हणतं. लागला निकाल.

याच महाशयांच्या ऑनलाईन फॉर्ममध्ये नावाच्या रकान्यावर इजअल्फा, म्हणजे ‘सगळी अक्षरंच आहेत का’ हे तपासणारं फंक्शन, लावलंय. शिंदखेड्याकडचे एक आप्पा संस्थेत माझ्यासमोर बसले होते. ऑपरेटरने ‘पाटील’ टाईप केलं, लाल अक्षरांत आलं: नावात फक्त अक्षरे भरावीत. पुन्हा टाईप केलं, पुन्हा तेच. आप्पा खुर्ची पुढे ओढून स्क्रीनकडे बघत म्हणाले, ‘मनं नावच चुकीचं शे का रे भाऊ?’ ऑपरेटर म्हणाला, आप्पा, इंग्लिशमध्ये टाकून देतो. टाकलं. आता सातबाऱ्यावर मराठी, फॉर्मवर इंग्रजी, बँकेत त्याच नावाचं तिसरंच स्पेलिंग, आणि पैसे अडकले की खेटे कोणी घालायचे? आप्पांनी! मी टेस्टिंगची यादी बघितली. त्यात नावं होती मदन आणि कमल. एकात काना नाही, दुसऱ्यात मात्रा नाही. दोन्ही पास. शरद, भरत, रमण हेही पास होतील. म्हणजे खान्देशात कापूस विकायचा तर बिनमात्रेच्या घरात जन्म घ्यायचा! पाटील आडनाव अमान्य करणारं सॉफ्टवेअर धुळे-जळगावात विकायची हिंमत होते कशी?

त्या मुलावर मी फोनवर बराच ओरडलो. पण राग एकट्या त्याच्यावर नाही. त्याने डॉक्स, म्हणजे पायथनची माहितीची पानं, वाचले असते तरी त्याला कळलं असतं का? इजअल्फाचं पान उघडा. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, ज्यांचा वर्ग ‘लेटर’ आहे ती अक्षरं, म्हणजे एलएम, एलटी, एलयू, एलएल, एलओ. पुढे एक वाक्य, की ही व्याख्या युनिकोड मानकाच्या ४.१० या भागातल्या ‘अल्फाबेटिक’ गुणधर्मापेक्षा वेगळी आहे. संपलं. वेगळी आहे म्हणजे कोणाचं काय जातं, हे तिथे नाही. युनिकोडने काना-मात्रा ‘मार्क’ या वर्गात ठेवल्यात, एमएन आणि एमसी. त्याच युनिकोडच्या अल्फाबेटिक गुणधर्मात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार सगळे बसतात, हलन्त तेवढा बाहेर. हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाने ते वाक्य लिहिलंय आणि ते अचूक आहे, मला मान्य. पण नाव तपासायला फंक्शन शोधत आलेला पोरगा त्या वाक्यावरून सरळ पुढे जातो. ‘देवनागरी, बंगाली, तमिळ लिपीतले काना-मात्रांचे शब्द इथे फॉल्स येतील’ एवढं लिहायला काय जात होतं?

आणि हे कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. पायथनच्या बग ट्रॅकरवरचा, म्हणजे तक्रारींच्या नोंदवहीतला, १६९३०५० क्रमांकाचा इश्यू २००७ सालचा आहे. बॅकस्लॅश डब्ल्यू रोमन नसलेल्या लिप्यांच्या कामाचं नाही, देवनागरी शब्दांचे तुकडे पडतात, हीच तक्रार. दोन हजार सात! त्याच वर्षी पेप ३१३१ (पेप म्हणजे पायथनमध्ये बदल सुचवणारा प्रस्ताव) आला आणि पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला, म्हणजे प्रोग्रॅममध्ये माहिती ठेवायच्या डब्याला, कुठल्याही लिपीत नाव द्यायची सोय झाली. त्यात काना-मात्रा चालतात. म्हणजे ‘पाटील’ नावाचं व्हेरिएबल बिनतक्रार चालतं, ‘हे नाव चालेल का’ तपासणारं इजआयडेंटिफायर त्याला हो म्हणतं, आणि इजअल्फाला विचारलं की तोच पाटील अक्षरांचा बनलेला नाही! मजकुराचा आकडा करणाऱ्या इंटला देवनागरीत ४२५००१ द्या, जळगावचा पिनकोड निमूट आकडा होऊन येतो. आमचे आकडे चालतात, आमची गावं चालत नाहीत.

जुनं वर्तन एका झटक्यात बदलता येत नाही हे मला कोणी शिकवू नका. जगभरचा कोड त्यावर उभा आहे, उद्या बॅकस्लॅश डब्ल्यूची व्याख्या बदलली तर कोणाचं काय कोसळेल सांगता येत नाही. पण वेगळा फ्लॅग, म्हणजे हवा तेव्हा लावायचा पर्याय, देता येतो. वेगळं फंक्शन देता येतं. जावा या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेने २०११ मध्ये सातव्या आवृत्तीत तेच केलं, इजलेटर होतं तसं ठेवलं आणि शेजारी इजअल्फाबेटिक आणून ठेवलं. पर्ल भाषेतला बॅकस्लॅश डब्ल्यू मार्क धरतो. युनिकोडचं तांत्रिक मानक क्रमांक १८ सांगतं की शब्दाच्या अक्षरांत मार्क धरा. पायथनमध्येसुद्धा बाहेरून रेजेक्स नावाचं पॅकेज घेतलं की पारोळा पारोळाच राहतं, आणि त्याच्या माहितीत हा जुना इश्यू नंबर नाव घेऊन लिहिलाय. उपाय आहे. तो बाहेर आहे, आणि आतल्या पानावर त्याचा दुवा दिला तरी आपल्या लिप्यांना तो कशासाठी लागेल हे सांगितलेलं नाही.

आता तोंड उघडलंच आहे तर बाकीचंही ऐका. जेसन या माहिती देवाणघेवाणीच्या फॉरमॅटमध्ये लिहून देणाऱ्या जेसन.डम्प्सचा ensure_ascii, म्हणजे ‘एन्शुअर आस्की’ हा फक्त इंग्रजी चिन्हंच ठेवणारा पर्याय, न सांगता ट्रू असतो. मराठी नावांची फाईल काढली की प्रत्येक अक्षराच्या जागी बॅकस्लॅश, यू आणि शून्य-नऊने सुरू होणारा आकडा. डोळ्यांनी एकही नाव तपासता येत नाही. जेसनचं २०१७ चं मानक म्हणतं की देवाणघेवाण युटीएफ-८ मध्येच, म्हणजे सगळ्या लिप्या मावतील अशा युनिकोडच्या पद्धतीतच, करा, मग हे सोवळं कशासाठी? विंडोजवर फाईल उघडणाऱ्या ओपनला एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कशी साठवलीत ते, सांगितलं नाही तर तो सीपी१२५२ हा युरोपीय अक्षरांचा जुना तक्ता धरून बसतो. पाटील वाचायला घेतला की कचरा दिसतो, आणि साक्री वाचायला घेतलं की प्रोग्रॅमच कोसळतो, कारण हलन्ताच्या शेवटच्या बाईटला त्या तक्त्यात जागाच नाही. पायथन ३.१५ पासून युटीएफ-८ गृहीत धरायचं, हा पेप ६८६ मान्य झाला २०२२ मध्ये. तोवर किती कार्यालयांतल्या किती फाईली गेल्या? आणि तो स्वल्पविराम! फॉरमॅटमध्ये स्वल्पविराम दिला की १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७. २००९ पासून हेच. लोकेल, म्हणजे त्या त्या प्रदेशाची आकडे लिहायची पद्धत, लावा म्हणतात. सर्व्हरवर मराठी लोकेल बसवलेलं असतं का कधी? आमचे कॅशियर लाखात वाचतात, मिलियनमध्ये नाही.

पण खरा संताप आपल्याच लोकांचा येतो. ही लायब्ररी आणि तिचे डॉक्स कोणीतरी सांभाळतं म्हणून टिकलेत, आणि त्यातले बरेचसे लोक नोकरी करून, उरल्या वेळात हे करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथन ३.१३ आलं, पेप ५९४ प्रमाणे जुनी १९ मॉड्यूल्स काढली. सीजीआय गेलं, टेलनेटलिब गेलं. जाण्याआधी दोन आवृत्त्या इशारा दिला होता, त्याच्या जागी काय वापरायचं तेही मुद्द्यानिशी लिहून ठेवलं. याला म्हणतात काळजी! आणि इथे एका कॉलेजच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत अजून इम्पोर्ट सीजीआय. मुलं मला विचारतात, एरर येतोय, काय करू? सरांना विचारलं का? सर म्हणाले, जुनं पायथन टाका. जुनं म्हणजे दोन! १ जानेवारी २०२० ला ज्याचा आधार बंद झाला ते! वहीतलं एक पान बदलायचं यांच्या जिवावर येतं, आणि जगाची वही बदलणारी माणसं यांच्या लेखी रिकामटेकडी. ‘डॉक्युमेंटेशनचं काम? म्हणजे कोडिंग येत नाही का?’ असं मला तोंडावर विचारलंय. शुद्धलेखन तपासणारा मास्तर समजतात.

त्यात ते टी-शर्टवाले. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे खुल्या प्रकल्पांना ऑक्टोबरात बदल पाठवले की टी-शर्ट देणारा उपक्रम. त्याच्या नावाखाली २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कोणाच्याही रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या ओळखपानात, ‘ऑसम प्रोजेक्ट’ असे दोन शब्द घालून पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती, टाकायची लाट आली. इतकी, की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पाने होकार दिला त्याचंच योगदान मोजलं जाईल, असं. त्या लाटेत आपल्याकडची पोरं ढिगाने होती. मला वाटतं, तेव्हापासून डॉक्समधली दोन ओळींची दुरुस्ती कोणी नवख्याने पाठवली की वाचणारा आधी संशयानेच बघतो, आणि त्याचा मला रागही येत नाही. एका टी-शर्टपायी आपण आपली पत घालवली. तीच पोरं त्या वर्षी इजअल्फाच्या पानावर गेली असती तर?

मराठीत दिवसभर टाईप करणारे, पायथनवर पोट भरणारे हजारो आहोत आपण. पुण्यात बसलेले निम्मे तर इकडचेच, भुसावळला गाडीत चढून गेलेले. प्रत्येकाची कधी ना कधी हीच यादी फाटलेली आहे. प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात रेजेक्स टाकून किंवा देवनागरीची रेंज हाताने लिहून मार्ग काढला, आणि गप्प बसला. पानावर एक ओळ घालावी असं कोणाला वाटलं नाही. पुढच्या पोराने पुन्हा तीच ओळ कॉपी केली, आणि पुन्हा कोणीतरी आप्पा लाल अक्षरांसमोर बसले.

मी त्या ओळी लिहायला घेतल्यात. इजअल्फाखाली एक उदाहरण: पाटील, उत्तर फॉल्स. त्याखाली सरळ वाक्य, की अनेक लिप्यांत शब्दाचा भाग असलेली स्वरचिन्हं इथे अक्षरं धरली जात नाहीत, माणसाचं नाव तपासायला हे वापरू नका. आरईच्या पानावर बॅकस्लॅश डब्ल्यूखालीही तेच, आणि रेजेक्स कशासाठी लागेल ते स्पष्ट शब्दांत. उदाहरण खरंच तसं चालतं हे डॉकटेस्ट या साधनाने तपासून, डॉक्सची पानं बांधणाऱ्या स्फिंक्सने पान बांधून पाठवणार आहे. बंगाली, तमिळ, गुजराती, तेलुगू लिहिणाऱ्यांनी आपापली उदाहरणं द्यावीत, त्यांचीही गत हीच आहे. भाषा बदला, वाक्य छोटं करा, जागा हलवा, सगळं मान्य करीन. उदाहरणातला पाटील काढून तिथे एबीसी टाका म्हणाल तर मात्र भांडण आहे.