राज्यपालाला निवडून देतात होय?

कराडच्या काकांना फोनवर सांगितलं की आमच्याकडे, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, गव्हर्नरची निवडणूक झाली, मी पहिल्यांदाच मत दिलं. ते म्हणाले, "राज्यपालाला निवडून देतात होय तिकडं?" चूक त्यांची नाही. आपल्याकडे राज्यपाल दिल्लीहून येतात. इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्रीच, फक्त लोकांनी थेट निवडलेला.

२०२५ च्या या निवडणुकीत डेमोक्रॅट पक्षाच्या मिकी शेरिल आणि रिपब्लिकन पक्षाचे जॅक चिटरेली समोरासमोर होते. टीव्हीवर दोनदा वादसभा (डिबेट) झाली: २१ सप्टेंबरला रायडर विद्यापीठात, ८ ऑक्टोबरला न्यू ब्रन्स्विकमध्ये. मी दोन्ही पाहिल्या. पुढ्यात टपालानं आलेल्या मतपत्रिकेचं पाकीट आणि उन्हाळ्यातलं विजेचं बिल. त्या जूनपासून इथले विजेचे दर जवळपास पाचव्या हिश्शानं चढले होते आणि घरपट्टीची राज्यातली सरासरी वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेली होती. शेरिल म्हणाल्या, आल्या आल्या आणीबाणी जाहीर करून वीजदर गोठवीन. गोठवणार कसे, हा प्रश्न लगेच आला. उत्तर मला पटलं नाही, पण प्रश्न आला.

सगळं गोजिरवाणं होतं असं नाही. ट्रम्पना किती मार्क द्याल, यावर एकानं 'ए' दिला, दुसरीनं 'एफ'. त्यातून माझ्या माहितीत काडीची भर पडली नाही. दुसऱ्या खेपेला तर शेरिल १९९४ साली नौदल अकादमीच्या पदवीदानाला का नव्हत्या आणि चिटरेलींच्या जुन्या कंपनीनं व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांबद्दल काय छापलं, यावरून हमरीतुमरीच झाली. आपल्या चॅनेलवरच्या रात्री नऊच्या कल्ल्याची आठवण आली, आणि घरच्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

तरी मला हेवा वाटला तो एका नियमाचा. इथं गव्हर्नरपदाच्या उमेदवारानं लोकांकडून एक डॉलर जमवला की ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार दोन डॉलर घालतं. १९७७ पासून ही सोय आहे. पण तो पैसा उचलला की दोन वादसभांना उभं राहावंच लागतं. येणं ही मेहेरबानी नाही, घेतलेल्या पैशाची अट आहे. सगळ्या अमेरिकेत असं नाही. ॲरिझोना राज्यात २०२२ साली गव्हर्नरपदाच्या उमेदवार केटी हॉब्स यांनी प्रतिस्पर्धी केरी लेक यांच्यासमोर वादसभेला यायला सरळ नकार दिला, आणि त्या निवडूनही आल्या.

आपल्याकडेही पक्षांना दूरदर्शन-आकाशवाणीवर निवडणुकीत फुकट वेळ मिळतो. तो सरकारी पैसाच की. पण त्या वेळेत पक्षाचा माणूस आधी मंजूर करून घेतलेलं भाषण वाचतो आणि उठतो. मध्येच "थांबा, हे कसं करणार?" असं विचारायला समोर कोणी नसतं. सभेत तर माणसं आपलीच, टाळ्याही आपल्याच.

हे काकांना सांगितलं, तर त्यांनी मला बरोबर पकडलं. "अरे, पण स्टेजवर उभं कुणाला करणार?" खरंच, २०२४ ला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांनी मुख्यमंत्रिपदाचा चेहरा जाहीर केला नव्हता. निकाल २३ नोव्हेंबरला लागला आणि शपथ ५ डिसेंबरला झाली. मधले बारा दिवस कोण मुख्यमंत्री यावर नुसत्या पैजा. आपली पद्धत आमदारांनी नेता निवडण्याची, ती वाईट म्हणणार नाही. मग निदान प्रत्येक मतदारसंघातले उमेदवार तरी तालुक्याच्या एखाद्या हॉलमध्ये तासभर बसवा. पाणी, ऊसदर, एसटी स्टँड, विषय तयारच आहेत. काकांना हे पटलं, पण खुर्च्या कोण मांडणार, इथं गाडी अडली.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "मग तुमच्या त्या बाई आल्या ना निवडून? बिल कमी झालं का?"

म्हटलं, शपथ जानेवारीत आहे. बिल मात्र कालच आलं.