जॅकेट घाला, उतरा, बघा, चढा, जॅकेट काढा

हिवाळ्यात होक्काइदोला, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर, जायचं म्हटलं की लोक सांगतात रस्ते घसरडे असतात, हिमवादळ येतं, फ्लाइट कॅन्सल होते. कपड्यांबद्दल कोणीच काही सांगत नाही. म्हणजे 'गरम कपडे घ्या' एवढं सांगतात, पण घ्यायला काय, पैसे टाकले की मिळतात, खरा प्रश्न ते घालायचे आणि काढायचे, परत घालायचे आणि परत काढायचे हा आहे, आणि तोही चार माणसांचा, एका छोट्या गाडीत.

तर सासू-सासरे कोल्हापूरहून टोकियोला आमच्याकडे आले होते, फेब्रुवारीत, कारण तिकीट स्वस्त. टोकियोत बर्फ पडला तर पडतो नाहीतर नाही, त्यामुळे बायको म्हणाली आईबाबांना खरा बर्फ दाखवू, आणि नुसता बर्फ कशाला, तिकडची जुनी संस्कृती पण बघू, आबाशिरी गावापासून किनाऱ्याकिनाऱ्याने शिरेतोको द्वीपकल्पापर्यंत गाडी काढू. 'गाडी काढू' म्हणजे गाडी मी काढायची.

सासऱ्यांनी सगळी हयात एसटीत ड्रायव्हरकी केली आहे. भर पावसात, धुक्यात आंबोली घाट रात्री उतरवलेला माणूस. मेमानबेत्सु विमानतळावर रेंटल गाडी घेतली तर हे आधी टायरला हात लावून आले, मग पुढच्या सीटवर बसून खाली बघायला लागले.

"गिअर कुठंय?"

"ऑटोमॅटिक आहे बाबा."

"मग तुम्ही काय करताय?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाहीये. पण माणूस पहिल्या वळणालाच ओळखला मी, समोर रस्ता काचेसारखा चमकत होता आणि हे शांतपणे म्हणाले, "जावईबापू, ब्रेकवरचा पाय काढा, ब्रेक मारला की गाडी तुमची राहत नाही." बरोबरच होतं. पुढचे सगळे दिवस मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी त्यांनी चालवली.

आता कपड्यांचं गणित सांगतो. बाहेर उणे 10-12, गाडीत हीटरमुळे वीस-बावीस. जॅकेट घालून गाडीत बसलात तर घाम येतो, आणि तोच घाम बाहेर पडल्यावर असा काही गार होतो की विचारू नका. म्हणजे बसलं की काढायचं, उतरायचं की घालायचं. क्रम असा: स्वेटर, मफलर, जॅकेट, कानटोपी, बूट, शेवटी हातमोजे. पण एकदा हातमोजे घातले की बुटाची लेस बांधता येत नाही आणि जॅकेटची चेन लावता येत नाही, म्हणून प्रत्येकाला हातमोजे न घातलेला एक माणूस लागतो, आणि ज्याचे हातमोजे सगळ्यात शेवटी तो सगळ्यांचा गडी. तो मीच. तिघांच्या चेन, तिघांच्या लेस, सगळं मी; सासूबाईंच्या साडीचा घोळ जॅकेटखाली नीट कोंबणं एवढं बायको करायची. हे सगळं झालं, दार उघडलं, गार वारा तोंडावर आला, की सासूबाई म्हणणार, "अगं, मला जरा जाऊन यायचंय."

मग सगळं उलट्या क्रमाने.

इथे जपानच्या संडासांबद्दल कृतज्ञता व्यक्त केली पाहिजे. गरम सीट. रस्त्याकडेच्या सरकारी थांब्यांवर सुद्धा गरम सीट. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत ही सोय, सासूबाई पहिल्यांदा बाहेर आल्या त्या चेहऱ्यावर एकदम तेज घेऊन. त्यानंतर त्या प्रत्येक ठिकाणाला मार्क द्यायला लागल्या आणि हे मार्क निसर्गाचे नसायचे.

त्यातच माझी बायको काइरो घेऊन आली होती. काइरो म्हणजे चिकटवायची गरम पाकिटं, हवा लागली की तापतात आणि तासन्‌तास तापतच राहतात. सासऱ्यांनी ती दोन्ही गुडघ्यांवर लावली, गाडीत बसले, हीटर चालू, आणि थोड्या वेळाने अगदी सभ्य आवाजात म्हणाले, "गुडघा शिजतोय." आता पाकिट पँटच्या आत, थर्मलच्या वर, आणि गाडी अशा रस्त्यावर जिथे कडेला थांबायचं म्हणजे कडा कुठे संपते ते कळलं पाहिजे. होक्काइदोत त्यासाठी रस्त्याच्या वर खांबांना लटकवलेले बाण असतात, खाली टोक केलेले, रस्ता इथपर्यंतच आहे हे सांगणारे. बाण बघून थांबलो. पुढचं इथे लिहीत नाही.

आबाशिरीत पहिल्यांदा मोयोरोला गेलो. इथे समुद्राला नदी मिळते तिथे दीड हजार वर्षांपूर्वी ओखोत्स्क संस्कृतीचे लोक राहायचे, उत्तरेच्या साखालिन बेटाकडून आलेले, सील, मासे, देवमासे मारून जगणारे दर्यावर्दी. साधारण पाचव्या शतकापासून नवव्या-दहाव्या शतकापर्यंत ते ह्या किनाऱ्यावर होते, म्हणजे आपल्याकडे वेरूळला कैलास लेणं कोरत होते तेव्हा इकडे हे लोक षटकोनी खड्ड्यांच्या घरात मधोमध आग पेटवून बसले होते. घरं मोठी, एकेका घरात बरीच कुटुंबं, आणि आतल्या बाजूला अस्वलांच्या कवट्या रचून ठेवलेल्या. सासूबाई त्या घराच्या मॉडेलसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"एवढी माणसं एका खोलीत? भांडणं होत असतील हो."

"बाहेर जायची सोय कुठं होती, भांडून करणार काय," सासरे म्हणाले.

मेलेल्या माणसाला गुडघे दुमडून पुरायचे आणि डोक्यावर मडकं पालथं घालायचे. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "कानटोपीच ती," आणि मला ते इतकं पटलं की अजून दुसरं काही सुचत नाही.

पण सासऱ्यांना आवडला तो न्हावी. मोयोरोची ही सगळी वसती उजेडात आणली ती 1913 साली योनेमुरा किओए ह्या माणसाने, आणि हा प्राध्यापक नव्हता, न्हावी होता. आबाशिरीत आला, जुन्या वस्तूंचा नाद होता, नदीकाठी शिंपल्यांचे थर दिसले, आणि पुढे दुकान सांभाळत सांभाळत आयुष्यभर हेच करत राहिला. 1936 साली ती जागा राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झाली. सासऱ्यांनी ही गोष्ट बायकोकडून दोनदा वाचून घेतली. "बघा, धंदा सांभाळून केलं त्यानं," असं म्हणाले, आणि मला उगाचच वाटलं की हे माझ्यासाठी होतं.

मग तिथल्या डोंगरावर बर्फाचं म्युझियम आहे तिकडे. ह्या म्युझियमचं वैशिष्ट्य असं की आत उणे 15 ची एक खोली आहे. तिकीट काढून आत जायचं, ओला टॉवेल गरागरा फिरवायचा, तो काठीसारखा कडक होतो. बाहेर उणे 11 आहे, फुकट आहे, आणि आपण नुकतेच लेस-चेन सोडून, हुश्श करून आत आलोय, तर हे म्हणतात जॅकेट घाला. शिवाय ते स्वतः द्यायला जॅकेट ठेवतात. सासऱ्यांनी स्वतःच्या जॅकेटवर त्यांचं जॅकेट घातलं आणि दारातून आडवे आत गेले. टॉवेल मात्र त्यांनी जो फिरवला, शेजारची जपानी पोरं टाळ्या वाजवत होती.

गच्चीवरून समुद्र दिसतो, आणि समुद्र नसतोच. पांढरं माळरान, क्षितिजापर्यंत. आबाशिरी 44 अंश अक्षांशावर आहे, म्हणजे इटलीत जिनोव्हा आहे साधारण तिथेच, आणि तिकडे लोक समुद्रकाठी कॉफी पितात. इथे समुद्र गोठतो कारण अमूर नदी. ती तिकडे वर रशियाच्या बाजूने एवढं गोडं पाणी ओखोत्स्क समुद्रात ओतते की वरचा थर कमी खारट होतो, लवकर गोठतो, आणि मग वारा आणि प्रवाह तो बर्फ ढकलत ढकलत जानेवारीच्या शेवटी इथवर आणून सोडतात. मी हे सगळं समजावून सांगेपर्यंत सासूबाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि त्यांनी फक्त "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडच्या लोकांचं म्युझियम, होक्काइदोच्या मूळ रहिवासी आइनूंपासून उत्तर युरोपात लॅपलँडच्या सामींपर्यंत सगळ्यांचं. आणि इथे मी खरा हरलो. काचेत आइनूंचे बूट होते, सामन माशाच्या कातडीचे. झाडाच्या आतल्या सालीचे धागे काढून विणलेले अंगरखे होते. आणि आर्क्टिकच्या बाजूचे सीलच्या आतड्यांचे पारदर्शक झगे, हलके, पाणी आत न येणारे. एकालाही चेन नाही. एकच झगा, डोक्यातून घातला की संपलं, निघाले शिकारीला. आणि मी पस्तीस हजार येनचं जॅकेट घालून उभा, ज्याची चेन त्या सकाळी मफलरच्या दोऱ्यात अडकली होती आणि अजून अडकलेलीच होती.

बायकोने तिथेच वाचलेलं मला सांगितलं की 1869 साली ह्या बेटाचं नाव होक्काइदो ठेवलं आणि सरकारने जमिनी वाटायला सुरुवात केली, मग आइनूंना नदीत सामन पकडायची सुद्धा बंदी आली, ज्या माशावर ते जगत होते आणि ज्याच्या कातडीचे ते बूट घालत होते तोच. मूलनिवासी म्हणून कायद्यात मान्यता मिळायला 2019 साल उजाडलं. सासरे ते बूट बघत होते. "मासा बंद केला म्हणजे बूट पण बंद केले की," एवढं बोलले. मग कोणी फार बोललं नाही, बाहेर येऊन मुकाट्याने लेस बांधल्या.

तिथून पूर्वेकडे तोफुत्सु तलाव. रस्ता आणि रेल्वे समुद्र आणि तलावाच्या मधल्या अरुंद पट्टीवरून जातात, आणि तलावाचा जो भाग गोठलेला नसतो तिथे सैबेरियाकडून आलेले हूपर हंस. एवढाले पक्षी, बर्फावर उभे, अनवाणी.

"ह्यांचे पाय गारठत नाहीत?" सासूबाई.

मी सांगितलं की पायात खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या नळ्या आणि वर येणाऱ्या गार रक्ताच्या नळ्या अगदी चिकटून असतात, जाणारं रक्त येणाऱ्याला ऊब देतं, त्यामुळे पाय गार राहतो पण अंगातली ऊब बाहेर जात नाही. सासूबाई परत "बरं" म्हणणार तेवढ्यात सासरे एकदम पेटले. "म्हणजे रेडिएटरच्या उलट!" आणि मग हंस राहिले बाजूला, त्यांनी आम्हाला घाटात तापलेल्या गाडीचं झाकण कसं उघडायचं नसतं ते सांगितलं, सगळं सांगितलं, उणे 12 मध्ये.

शारी गावाजवळ 28 किलोमीटरचा सरळसोट रस्ता आहे, आभाळात जाणारा रस्ता म्हणतात त्याला. फोटोवाले थांबतात. आम्ही पण थांबलो. सासऱ्यांनी काचेतूनच बघितला. "वळण नाही, चढ नाही, ह्याला ड्रायव्हर कशाला लागतो," आणि जॅकेट घालायला नकार दिला. पहिल्यांदाच मला त्यांच्याबद्दल अतीव प्रेम वाटलं.

उतोरो आणि राउसु ही दोन गावं शिरेतोकोच्या दोन अंगांना आहेत. 2005 साली जागतिक वारसा झालेला प्रदेश, अस्वलं हिवाळ्यात झोपलेली असतात, हे एक बरं. उन्हाळ्यात खिंडीतून 27 किलोमीटर. हिवाळ्यात खिंड बंद, मग मागे शारीला जाऊन दुसऱ्या खिंडीतून शंभर किलोमीटरच्या वर वळसा. आणि वळसा म्हणजे थांबे, आणि थांबे म्हणजे, जाऊ दे.

राउसुला गेलो ते गरुडांसाठी. स्टेलरचा समुद्री गरुड, पंख पसरले की अडीच मीटरपर्यंत, पिवळीधमक चोच. पहाटे बोट निघते, बर्फात शिरते, बोटवाले मासे टाकतात आणि गरुड येतात. आदल्या रात्री सासूबाईंनी जाहीर केलं की पहाटे चारला उठून हे सगळं घालणं होणार नाही, म्हणून त्या घालूनच झोपल्या. जॅकेटसकट. सासरे मात्र हॉटेलच्या गरम पाण्याच्या हौदात जाऊन आले होते. पहिल्या दिवशी "चार लोकांत उघडं? नको बाबा" म्हणणारा हा माणूस आता सकाळ-संध्याकाळ जात होता. कारण विचारलं तर म्हणे, सगळं काढण्याचे कष्ट इथेच फक्त वसूल होतात.

बोटीवरून समोर कुनाशिरी बेट दिसतं, जेमतेम 25 किलोमीटरवर, 1945 पासून रशियाच्या ताब्यात, आणि सूर्य त्याच्या मागून वर आला. बर्फ गुलाबी. डोक्यावर गरुडच गरुड. मी मोबाइल काढायला गेलो तर तो तिसऱ्या थरात. चेन उघडली, हातमोजा काढला, मोबाइल सापडला, बोट लावलं, थंडीने बॅटरी बसली. सासूबाई शेजारी टक लावून बघत होत्या, दोन्ही हात बाह्यांत खुपसून. त्यांना कसली घाई नव्हती, त्या रात्रीपासून तयार होत्या.

परत आलो आणि वादळ सुरू झालं. राउसुचा रस्ता बंद. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही खिडकीतून पांढरं बघत बसलो, बायको विमान कंपनीला फोन लावत होती, आणि सासूबाई जॅकेट, मफलर, कानटोपी घालून चटईवर बसल्या होत्या. "आता मी काढत नाही. रस्ता कधी पण उघडेल." चहा सुद्धा घेतला नाही त्यांनी, का ते सगळ्यांना माहीत होतं.

दुपारी मालकीणबाई धावत आल्या, रस्ता उघडला, पुढे बर्फ काढायची गाडी निघालीय, तिच्या मागोमाग लगेच निघा. आम्ही जे धावलो. दारातच लेस, चेन, मोजे, मी तिघांचं भराभर करून दिलं, सामान टाकलं, सगळे बसले, इंजिन चालू, पुढे त्या गाडीचा पिवळा दिवा फिरताना दिसत होता. मी एकदा सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, नको.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "जावईबापू, मी जरा जाऊन येतो."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. मी हातमोजे काढले, खाली उतरलो, आणि दारात त्यांच्या उजव्या बुटाची लेस सोडायला घेतली, ती ओली होऊन आता गोठली होती.