रोलर पुसायचा कागद

काल दुपारी माझा जो काही अपमान झाला तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहून टाकते.

जेल प्लेट म्हणजे कागदावर छाप काढायची एक लिबलिबीत पारदर्शक वडी. तिच्यावर रोलरने अ‍ॅक्रिलिक रंग पसरायचा, पानं-बिनं ठेवायची, वरून कागद दाबायचा आणि उचलायचा. व्हिडिओत चाळीस सेकंदात होतं. घरी रंग जास्त झाला की नुसता चिखल, कमी झाला की कागद शोधेपर्यंत वाळून प्लेटलाच बसतो, पंखा लावला तर आणखी लवकर वाळतो म्हणून पंखा बंद, म्हणून मी घामाघूम. त्याआधी जिलेटिन आणि ग्लिसरीनची घरगुती प्लेट केली होती, तिच्यात इतके बुडबुडे राहिले की प्रत्येक प्रिंटला देवी येऊन गेल्यासारखी दिसायची. ते जाऊ दे.

तर काल अकराव्या प्रयत्नात जमलं! पान ठेवून पहिला कागद काढला की मागची नुसती रंगीत पार्श्वभूमी निघते, पण मग पान अलगद उचलून दुसरा कागद दाबला की त्याच्या खालचा उरलेला रंग येतो आणि त्यात शिरान् शीर उमटते, अगदी देठाजवळचा किडक्या भोकाचा काठसुद्धा. मी त्या कागदाकडे बघत उभी होते आणि तेवढ्यात शेजारचे काका आले. शिडी मागायला.

"प्रिंटर बिघडला का गं?"

म्हटलं नाही काका, हे हाताने करतात, मोनोप्रिंट. १६४० च्या दशकात इटलीत कास्तिल्योने नावाचा चित्रकार असं करायचा, पुढे फ्रेंच चित्रकार देगानेही केलं, तो तर प्लेटवर उरलेल्या रंगाचा दुसरा फिकट छाप काढून त्यावर पेस्टलने रंगवायचा. (त्यांची प्लेट धातूची, माझी वडी, पण एवढं कोण विचारतंय.) काकांनी माझा कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, चष्मा वर केला.

"छान आहे. डाग पडलाय फक्त."

"ते भोक आहे काका. पानाला होतं."

"मग चांगलं पान घ्यायचं ना."

आणि ते कागद खाली ठेवून टेबलाच्या कडेला गेले. तिथे माझा रोलर पुसायचा कागद पडला होता. म्हणजे दर वेळी रंग बदलताना रोलर ज्यावर फिरवून साफ करते तो, निळ्यावर गुलाबी, त्यावर राखाडी, एका कोपऱ्यात माझा अंगठा.

"वा! हे खरं चित्र! हे कुणी काढलं?"

मी म्हटलं, ते पायपुसणं आहे काका. ते म्हणाले, "कलाकाराला स्वतःचं कळत नसतं." आता मी दीड महिना कंबर मोडून घेतलीय, कुणी एका शब्दाने विचारलं नाही, टेबल कधी मोकळं होणार एवढं मात्र घरातले सगळे विचारतात, आणि हे येऊन मला सांगणार की मला कळत नाही! पण तोंडावर हसले. नेहमीच हसते, तोच तर प्रॉब्लेम आहे.

"मी नेऊ? सही कर खाली. आणि असंच सेम टू सेम अजून एक दे, दाराच्या दोन्ही बाजूंना लावतो."

"काका, मोनो म्हणजे एक. एकच निघतो."

"अगं दुसरा काढायचा."

"तसाच नाही निघत."

"प्रयत्न तर कर. तुम्हा लोकांना चिकाटी नाही."

ते पायपुसणं माझ्या सहीसकट घेऊन गेले. शिडी विसरले, ती न्यायला परत आले आणि "दुसरा रविवारपर्यंत चालेल" असंही सांगून गेले.

आज सकाळपासून रोलर सहज पुसायचा प्रयत्न करतेय. नऊ कागद झाले. अंगठासुद्धा त्याच कोपऱ्यात उमटवून पाहिला, मुद्दाम केल्यासारखा दिसतो.