पहिला टाका कोणाच्या अंगावर?

ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, जालना, भंडारा अशी त्यांतली नावे वाचताना आनंद झाला, कारण या जिल्ह्यांतला रुग्ण साध्या शस्त्रक्रियेसाठीही नागपूरची किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरतो हे मी विद्यार्थिदशेत पाहिले आहे. तेव्हापासून वृत्तपत्रांत आणि आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप गटावर एक वाद सुरू आहे. एका बाजूचे म्हणणे असे की जागा वाढल्याशिवाय डॉक्टर वाढणार नाहीत. दुसरी बाजू विचारते की अध्यापकच नसतील तर त्या जागांवर बसलेल्या मुलांना शिकवणार कोण. मी इंग्लंडच्या उत्तरेकडील एका शहरात सर्जन म्हणून काम करते आणि दर आठवड्याला वैद्यकीय विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेची प्राथमिक कौशल्ये शिकवते. या वादात बोलण्याजोगे माझ्याकडे एकच आहे: विद्यार्थ्याने घातलेला पहिला टाका रुग्णाच्या अंगावर पडता कामा नये, आणि त्यानंतरचे काही टाके कोणाच्या तरी नजरेखाली पडले पाहिजेत. महाविद्यालये दहा असोत वा शंभर, ही अट पाळता येते की नाही यावर त्यांचे मोल ठरेल असे मला वाटते.

हे म्हटले की मायदेशातले मित्र लगेच उत्तर देतात, "तुमच्याकडे सिम्युलेटर आहेत, आमच्याकडे पेशंट आहेत. आमचा इंटर्न कॅज्युअल्टीच्या एका रात्रीत जेवढे टाके घालतो, तेवढे तुमचा विद्यार्थी वर्षभरात घालत नाही." त्यात पुष्कळ तथ्य आहे. इथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, उभे राहायला जागा मिळते, पण हातात काही मिळेलच असे नाही. कनिष्ठ डॉक्टरांच्या कामाला २००९ पासून आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आली, त्यामुळे प्रशिक्षणार्थी सर्जनांनाच शस्त्रक्रिया पुरत नाहीत, आणि त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसते पाहणे येते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील शल्यशिक्षणाचे प्राध्यापक रॉजर नीबोन यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले होते की अभ्यासात हुशार असलेल्या मुलांच्या हातांनाच सराव राहिलेला नाही. लहानपणी कापणे, शिवणे, जोडणे यांपैकी काही न केलेली मुले सुई हातात घेऊन अडखळतात. मी शिकवते त्या वर्गातही हे दिसते. तेव्हा इंग्लंडमध्ये सारे उत्तम आहे असे सांगण्यासाठी हा लेख नाही. रुग्णांची संख्या ही महाराष्ट्रातल्या शासकीय रुग्णालयांची खरी संपत्ती आहे, आणि तिचे मोल इथे आल्यावर अधिक कळले.

परंतु पुष्कळ टाके घातले म्हणजे टाका घालता येऊ लागला असे होत नाही. कातडीला साधा टाका घालणाऱ्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसून पाहिले की किती गोष्टी बिघडू शकतात ते कळते. सुई नीडल होल्डरच्या, म्हणजे ती पकडण्याच्या अवजाराच्या, टोकाशी, आणि सुईच्या टोकापासून सुमारे दोन तृतीयांश अंतरावर धरायची असते. नवखा विद्यार्थी ती मधोमध किंवा अगदी दोऱ्याजवळ धरतो आणि मग सुई वाकते. ती कातडीत काटकोनात शिरली पाहिजे आणि मनगट फिरवून तिच्याच वळणाने बाहेर आली पाहिजे. तो ती तिरकी घुसवतो आणि पुढे ढकलतो, त्यामुळे एका कडेला खोल आणि दुसऱ्या कडेला उथळ असा टाका पडतो आणि जखमेच्या कडा एकमेकींवर चढतात. चिमट्याने कड हलकेच उचलायची असते. तो ती चिरडतो. गाठीचा दुसरा वेढा पहिल्याच्या उलट दिशेने घेतला नाही तर गाठ सरकते. सगळ्यांत जास्त वेळा सांगावे लागते ते हे, की कडा फक्त जवळ आणायच्या असतात, आवळायच्या नसतात; आवळलेल्या टाक्याखालचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही दिवसांनी जखम उघडते. यांतली कोणतीही चूक करणाऱ्याला स्वतःहून कळत नाही. टाका दिसायला पुरा झालेला असतो, रुग्ण घरी जातो, आणि जखम उघडते तेव्हा ड्रेसिंग दुसऱ्याच कोणाच्या तरी पाळीत होते. पाहणारे कोणी नसेल तर शंभर टाक्यांनंतर तीच चूक हाताची सवय बनते, आणि ती मोडून काढणे हे नव्याने शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

शिवाय शस्त्रक्रियेचा पाया केवळ हातात नसतो. ऊसतोडीच्या हंगामात कोयत्याने हात कापलेला मजूर ग्रामीण रुग्णालयात येतो. तिथल्या तरुण डॉक्टरला टाके सफाईने घालता येतात, जखम सुरेख मिटते, आणि दीड-दोन महिन्यांनी कळते की बोट वाकत नाही, कारण कातडीखाली स्नायूबंध तुटलेला होता आणि तो कोणी तपासलाच नव्हता. प्रत्येक बोट वेगवेगळे वाकवून पाहणे आणि भूल देण्याआधी बोटाच्या दोन्ही कडांची संवेदना तपासणे याला दोन मिनिटेही लागत नाहीत, पण ती दोन मिनिटे सवयीने घ्यावी लागतात. कुत्रा चावल्याची जखम टाके घालून बंद करण्याचा मोह आवरायचा, ती साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, प्रतिपिंडांचे इंजेक्शन जखमेत आणि तिच्या भोवती द्यायचे, हेही शल्यशिक्षणच आहे. त्यातला मुख्य धडा टाका कधी घालू नये हा आहे. भुलेच्या औषधाचेही तसेच. अॅड्रेनालिन नसलेल्या लिग्नोकेनची इथे पाळली जाणारी कमाल मात्रा वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम. २ टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे ४५ किलो वजनाच्या कृश मजुराला ७ मिलिलिटरही जास्त होतात. कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये मात्र ३० मिलिलिटरची कुपी उघडी असते आणि जखम लांब असते. हा हिशेब रात्री दोन वाजता आपोआप सुचावा लागतो, आणि त्यासाठी तो आधी कोणीतरी करवून घेतलेला असावा लागतो.

इंग्लंडला हे शहाणपण सहजासहजी आलेले नाही. ब्रिस्टलच्या रुग्णालयात १९८४ ते १९९५ या काळात बालकांच्या हृदयशस्त्रक्रियांमध्ये अपेक्षेपेक्षा अधिक मृत्यू झाले, आणि इयन केनेडी यांच्या चौकशी समितीचा अहवाल २००१ मध्ये आला तेव्हा सर्जन शिकत असताना त्याची किंमत रुग्णाने, तीही त्याला न सांगता, मोजावी का, हा प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला. ती शस्त्रक्रिया आणि विद्यार्थ्याचा टाका यांत फार अंतर आहे हे मला कळते, पण तत्त्व तेच आहे, आणि पुढच्या काळात ते खालपर्यंत झिरपले. आज इथला विद्यार्थी रुग्णाजवळ जाताना आपण विद्यार्थी आहोत हे सांगतो, परवानगी विचारतो, आणि रुग्ण नाही म्हणाला तर मागे सरतो. आधी तो डुकराच्या पायावर किंवा कृत्रिम कातडीवर टाके घालतो, शिक्षक ते पाहतो, काय चुकले ते लिहितो आणि मगच सही करतो. पुढे प्रशिक्षणार्थी झाल्यावरही प्रत्येक शस्त्रक्रिया त्याला देखरेखीखाली करता येते की स्वतंत्रपणे, याची नोंद होत राहते. या कागदपत्रांचा इथे सगळ्यांना कंटाळा येतो, मलाही येतो, पण त्यांच्यामागे कोणीतरी प्रत्यक्ष उभे राहून पाहिलेले असते, म्हणून त्यांना अर्थ आहे.

आपल्याकडे हे कागदावर नाही असे मुळीच नाही. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात आधी दाखवणे, मग पाहू देणे, मग मदतीला घेणे आणि शेवटी विद्यार्थ्याला करू देणे अशी पायरी स्पष्ट लिहिलेली आहे; कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक आहे, विद्यार्थ्याने केलेल्या कामाची नोंदवही म्हणजे लॉगबुक आहे. माझ्या बॅचचे जे मित्रमैत्रिणी आज अध्यापक आहेत त्यांच्याकडून मात्र वेगळेच ऐकायला मिळते. प्रयोगशाळेची किल्ली एकाकडे असते, मॉडेल खराब होतील म्हणून ती काचेच्या कपाटात ठेवलेली असतात आणि तपासणीच्या आठवड्यात बाहेर येतात. लॉगबुकवरच्या सह्या टर्म संपताना एका बैठकीत होतात. सगळीकडे असेच असते असे मी म्हणणार नाही. मनापासून शिकवणारी युनिट्स मी स्वतः पाहिली आहेत, आणि माझ्या हाताला वळण लावले ते अशाच एका युनिटमधल्या वरिष्ठ रेसिडेंट ताईंनी. पण ते त्यांच्या सद्भावनेवर चालत होते. त्या सुट्टीवर गेल्या की शिकवणेही सुट्टीवर जाई.

आणि मग नीट-पीजी, पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. दोनशे बहुपर्यायी प्रश्न, आठशे गुण. त्यात हाताची परीक्षा नाही. इंटर्नशिपचे वर्ष हे हात घडण्याचे वर्ष, पण नेमके तेच वर्ष या परीक्षेच्या तयारीत जाते. वॉर्डमध्ये हजेरी लावून वाचनालयाकडे वळणाऱ्या इंटर्नला दोष द्यायला माझे मन धजत नाही, कारण त्याचे पुढचे सारे आयुष्य आपण त्या एका गुणसंख्येला बांधून ठेवले आहे. एमबीबीएसच्या शेवटी देशभर एकच घ्यायच्या प्रस्तावित नेक्स्ट परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्यात प्रात्यक्षिक मूल्यमापन होते, परंतु २०२३ मध्ये ती परीक्षा पुढील सूचनेपर्यंत लांबणीवर पडली. तिच्यावरच्या आक्षेपांपैकी काही मला रास्त वाटतात. तरीही प्रात्यक्षिक टप्प्याचा विचार तिच्यासोबत बासनात जावा हे मला पटत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ प्रकारच्या शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण देण्याबाबतची अधिसूचना निघाली आणि ११ डिसेंबरला देशभर डॉक्टरांनी काम बंद ठेवले. त्या सगळ्या चर्चेचा रोख पदवीवर राहिला. ते प्रशिक्षण कोणाच्या देखरेखीखाली आणि कशावर होणार, हे फारसे कोणी विचारले नाही. सुश्रुताचे नाव मात्र वारंवार घेतले गेले. त्याच्या संहितेतील सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात शिष्याने रुग्णाला हात लावण्याआधी सराव कशावर करावा हे बारकाईने सांगितले आहे: छेद घेण्यासाठी कोहळा, दुधी आणि काकडी, शिरा वेधण्यासाठी मृत जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ, टाक्यांसाठी जाड वस्त्राच्या कडा आणि मऊ चामडे. शास्त्र कितीही ऐकले असले तरी सराव न केलेला शिष्य कामाला योग्य नसतो, असेही तिथेच म्हटले आहे. ही परंपरा आपली म्हणणाऱ्यांनी आणि तिच्यावर टीका करणाऱ्यांनीही त्या अध्यायावर बोलायला हवे होते.

महागडे सिम्युलेटर आणा असे मी सुचवत नाही. इथे लाखो रुपयांची यंत्रे कोपऱ्यात धूळ खात पडलेली मी पाहते, आणि पहिल्या महिन्याचे जवळजवळ सगळे शिक्षण मटणाच्या दुकानातून आणलेल्या बकऱ्याच्या पायावर किंवा कातडीसकट कोंबडीवर होऊ शकते. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी फोमवर रेक्झिन ताणून काम भागते. गाठीचा सराव तर खोलीतल्या खुर्चीच्या पायाला दोरा बांधूनही होतो. लागतो तो माणूस. सहा-आठ विद्यार्थ्यांमागे एक शिकवणारा, आठवड्यातून दोन तास, आणि त्या दोन तासांत त्याला ओपीडीत किंवा कॅज्युअल्टीत न बोलावण्याची हमी. गडचिरोली किंवा हिंगोलीच्या महाविद्यालयात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक पुरेसे मिळेपर्यंत हे काम प्रशिक्षित रेसिडेंट आणि ओटीतल्या अनुभवी सिस्टर करू शकतात. इथे मला हात कसे धुवायचे, गाऊन कसा चढवायचा आणि निर्जंतुक क्षेत्र कसे सांभाळायचे ते ओटीतल्या परिचारिकांनीच नव्याने शिकवले.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत टाके, स्थानिक भूल आणि जखमेची तपासणी यांची एक सक्तीची चाचणी ठेवावी, बाहेरच्या परीक्षकाने ती पाहावी, आणि तीत उत्तीर्ण झाल्याशिवाय इंटर्नने कॅज्युअल्टीत एकट्याने टाका घालू नये, एवढे झाले तरी लॉगबुकवरच्या सह्यांना वजन येईल. रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावे, "मी शिकाऊ डॉक्टर आहे, मॅडम इथेच उभ्या आहेत, मी टाके घातले तर चालेल का?" मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेला माणूस बहुधा हो म्हणेल. नाही म्हणाला तर त्याचे टाके मॅडमनी घालावेत, आणि त्यामुळे रांग वाढली तर ती वाढू द्यावी. शिकवण्याचे हे तास अध्यापकाच्या आणि रेसिडेंटच्या ड्यूटीत मोजले गेले पाहिजेत, आणि त्यासाठी लागणारी पदे नव्या महाविद्यालयांच्या मंजूर आकृतिबंधात पहिल्या वर्षापासून असली पाहिजेत.