नखाएवढ्या तारामाशासाठी खडक उकळू नका

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काचेवर नखाएवढा पांढरट तारामासा दिसला की तो अ‍ॅस्टेरिना, आणि अ‍ॅस्टेरिना कोरल खातो. एकाचे बघता बघता शंभर होतात. तेव्हा खडक काढून उकळत्या पाण्यात टाका, नाहीतर टँकमध्ये कॉपरचं औषध घाला, नाहीतर तारामासे खाणारी हार्लेक्विन कोळंबी आणा.

उकळण्याचा सल्ला आधी घेतो, कारण तो जिवावर बेतू शकतो. लाइव्ह रॉकवर, म्हणजे टँकमधल्या जीवजंतूंनी भरलेल्या खडकावर, झोअँथस, पॅलिथोआ हे कोरलसारखे मऊ जीव चिकटलेले असतात आणि त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. असा खडक उकळला की ते वाफेतून आणि तुषारांतून घरभर पसरतं. ताप, खोकला, धाप लागून अख्खं कुटुंब रुग्णालयात गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. खडक उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, आणि झोअँथस हाताळताना हातमोजे व चष्मा घाला. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी निदान एवढी ओळ तरी खोडावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कॉपरचं उत्तर सोपं आहे. ते तारामाशाला मारतं, तसंच कोळंबी, गोगलगाई आणि कोरललाही मारतं. शिवाय खडक आणि वाळू ते शोषून घेतात आणि नंतर हळूहळू पाण्यात सोडत राहतात.

आता मुख्य आरोप: ‘हे कोरल खातात.’ आधी तो प्राणी अ‍ॅस्टेरिनाच आहे का, ते बघा. खडकाच्या फटीतून लांब, केसाळ, वळवळणारे हात बाहेर काढून बसलेला जीव म्हणजे छोटा ब्रिटल स्टार, तारामाशाचा नातेवाईक. तो उरलंसुरलं खातो. त्याला हात लावायचं कारणच नाही. अ‍ॅस्टेरिना चपटा, आखूड हातांचा आणि बहुतेकदा वेडावाकडा असतो: दोन-तीन हात मोठे, बाकीचे नुकते फुटलेले. तो मधून दुभंगतो आणि दोन्ही अर्धे नवे हात वाढवतात, म्हणून हा आकार. याच नावाखाली दिसायला सारख्या असलेल्या अनेक जाती खपतात. शास्त्रज्ञ त्यांतल्या बऱ्याच आता अ‍ॅक्विलोनास्ट्रा या प्रजातीत धरतात. त्यामुळे सगळ्यांवर एकच शिक्का मारता येत नाही. बहुतेक जण काचेवरचा शेवाळाचा पातळ थर खातात. काही खडकावरचं टणक, जांभळं कोरलाइन शेवाळ खरवडतात, मग जांभळ्या थरावर फिकट ठिपके राहतात. झोअँथस खाणारेही असतात, हे मात्र खरं.

आपल्याकडचा कुठला, हे दिव्याशिवाय कळत नाही. टँकचे दिवे गेल्यावर तासाभराने लाल प्रकाशाची बॅटरी घेऊन बघा. तारामासा काचेवर असेल तर खालची बाजू समोरच दिसते: नळीसारखे पाय आणि मधोमध तोंडातून बाहेर पसरलेलं पारदर्शक जठर. अन्नावर जठर पांघरून तो ते तिथल्या तिथे पचवतो. म्हणून झोअँथसच्या बुडाशी नुसता बसलेला दिसणं हा पुरावा नाही, तिथे शेवाळही असतं. तो हलल्यावर त्याच्याखालचा पॉलिप (झोअँथसचा एकेक फुलासारखा जीव) झिजलेला दिसला, आणि हे दोन-तीन रात्री घडलं, तर तो दोषी.

‘एकाचे शंभर’ खरं, पण अन्न असेल तरच. संख्या भराभर वाढली तर जास्त पडणारं खाद्य आणि पाण्यात वाढलेले, शेवाळ पोसणारे नायट्रेट-फॉस्फेट तपासा.

हार्लेक्विन कोळंबी सगळे तारामासे खाते, हौसेनं आणलेला निळा लिंकिया तारामासाही. ते संपले की उपाशी मरते. जगवायची तर तिच्यासाठी तारामासे विकत आणत राहावं लागतं. साध्या घरच्या टँकला मी ती सुचवणार नाही. दोषी ठरलेले तारामासे रात्री चिमट्याने उचला किंवा पाणी बदलताना नळीने ओढून घ्या, आठवड्यातून दोन वेळा. टँकमध्येच चिरडू नका. काढलेले डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. खाडीत किंवा समुद्रात सोडू नका. ते कुठल्या समुद्रातून आले, हे आपल्याला माहीत नसतं.