नेट खाली केलं म्हणजे पिकलबॉलचं कोर्ट होत नाही

नागपुरातल्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: ‘पिकलबॉल हा कोरोनात निघालेला खेळ. बॅडमिंटनचं नेट कमरेपर्यंत उतरवा, कोर्ट तयार. पळापळ नसल्यामुळे ज्येष्ठांना इजा होत नाही.’ तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि दुसरीत सोसायटीचा पैसा पाण्यात जातो.

पॅडलने छिद्रांचा प्लास्टिक बॉल नेटवरून मारायचा हा खेळ १९६५ चा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम यांनी तो बसवला. भारतात सुनील वालावलकरांनी तो मुंबईत आणला, तोही कोरोनाच्या कितीतरी आधी. कोरोनानंतर वाढली ती लोकप्रियता.

कोर्टाचं म्हणणं पटतं, कारण बाहेरचं माप सारखंच आहे: ४४ बाय २० फूट. खेळ जन्मला तोच एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावर. पण आतल्या रेषा जुळत नाहीत. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा नेटपासून साडेसहा फुटांवर असते. पिकलबॉलचं ‘किचन’, म्हणजे जिथे उभं राहून बॉल टप्प्याआधी मारता येत नाही तो पट्टा, रेषेच्या जाडीसकट सात फुटांचं. जुन्याच रेषेवर खेळलात तर फॉल्टवरून भांडण ठरलेलं. वेगळ्या रंगात नवी मारा. नेट टोकांना ३६ इंच, मध्ये ३४. बॅडमिंटनची हलकी जाळी खाली बांधली की मध्ये लोंबते, तेव्हा वरची दोरी ताणा आणि मधली उंची टेपने मोजा.

खरी अडचण रेषांच्या बाहेर आहे. बॅडमिंटनची सर्व्हिस कोर्टाच्या आतून होते. इथे ती बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या टोकाच्या रेषेच्या, मागून करायची, आणि सर्व्हिस काय, तिचा रिटर्न काय, दोन्ही टप्पा पडल्यावरच मारायचे. त्यामुळे रॅलीच्या सुरुवातीला दोन्हीकडचे खेळाडू बेसलाइनच्या मागे असतात. म्हणून किमान ६० बाय ३० फूट जागा हवी: मागे आठ-आठ फूट, बाजूंना पाच-पाच. कंपाउंडची भिंत दोन-तीन फुटांवर असेल तर तिथे कोर्ट आखूच नका. पेव्हर ब्लॉकवरही नको. शटलला जमिनीशी देणंघेणं नसतं. हा बॉल सांध्यावर पडला की वाकडा उडतो.

आता इजेचं. पळणं टेनिसपेक्षा कमी, हे खरं. पण डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच मारलेला बॉल, आला की माणूस नेटकडे तोंड ठेवूनच उलटा मागे धावतो, तोल जातो, पडताना हात टेकतो आणि मनगट मोडतं. आधी वळा, मग तिरकं धावा. नाही जमलं तर पॉइंट सोडा. रनिंग शूजची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला झेपावताना घोटा मुरगळतो. कोर्ट शूजच घ्या.

आणि मे महिन्यात नागपुरात पारा ४५ वर जातो, तेव्हा उघड्या कोर्टावर सकाळी आठच्या आत खेळ आटपा. तापलेला बॉल मऊ पडतो, टप्पाही बदलतो. पिशवी सावलीत ठेवा. बाहेर खेळायला ४० छिद्रांचा बॉल घ्या. इनडोअरचा २६ मोठ्या छिद्रांचा बॉल वाऱ्यावर भरकटतो.